कुरळ्यांशी कट्टी, आता बट्टी!

मीटिंग सुरू व्हायला पाच मिनिटं होती. बॉसनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "काय मॅडम, आज केस विंचरायला वेळ नाही मिळाला वाटतं?" सगळे हसले. मीही हसले. खरं सांगू? त्या दिवशी सकाळी मी चांगला पाऊण तास केसच विंचरत होते. आणि तोच तर सगळा घोटाळा होता!

माझे केस जन्मापासून कुरळे. शाळेत तेल चोपडून दोन घट्ट वेण्या, त्यामुळे प्रश्नच नव्हता. कॉलेजात वेण्या सुटल्या आणि माझं नाव 'मॅगी' पडलं. ते एक वेळ चालून गेलं. पण ऑफिसात कुरळे केस म्हणजे गबाळेपणा, असं सगळ्यांनी परस्पर ठरवूनच टाकलेलं. मग काय, पगार झाल्या झाल्या पार्लर गाठलं आणि स्मूदनिंग करून आले. चार तास खुर्चीत आणि अर्धा पगार गायब! केस मात्र सरळसोट. बॉस म्हणाले, "आता कसं प्रोफेशनल वाटतं!" मी हवेत.

चार महिन्यांत जमिनीवर आले. केमिकल आणि इस्त्री आज असलेल्या केसांना सरळ करतात, मुळातून नवा उगवणारा केस मात्र आपल्या वळणावरच येतो. वर कुरळी, खाली सरळ. अर्धी मी, अर्धी कुणी भलतीच! त्यात सरळ टोकं तुटायला लागली. शेवटी एका शनिवारी सगळी सरळ टोकं कापून टाकली. हातात उरले ते मानेपर्यंतचे कुरळे केस आणि एक प्रश्न : आता ह्यांचं करायचं काय?

एक्स्प्रेस-वे आणि घाट

थोडं वाचलं, तेव्हा ट्यूब पेटली. डोक्याच्या त्वचेतून नैसर्गिक तेल पाझरतं. सरळ केस म्हणजे एक्स्प्रेस-वे, तेल सुसाट खाली. कुरळे केस म्हणजे ताम्हिणी घाट. वळणावळणावर तेल अडकतं, टोकापर्यंत पोचतच नाही. म्हणून मुळं तेलकट आणि टोकं झाडूसारखी कोरडी. कोरड्या केसावरची खवल्यांची थर उचललेली असते, एक केस दुसऱ्यात अडकतो आणि होतो गुंता. त्यात आपण कोरड्या केसांत कंगवा घालतो. छान एकत्र वळलेल्या बटा विस्कटतात आणि डोक्यावर कापूस पिंजून ठेवल्यासारखं दिसतं. आठवा माझा पाऊण तास!

इथे कंडिशनर कामाला येतो. ओल्या केसावर ऋण भार असतो, झिजलेल्या जागी जास्तच. कंडिशनरमधल्या मुख्य घटकावर धन भार. मग जोडी जमणारच! जिथे झीज जास्त, तिथे तो जास्त चिकटतो, खवले बसवतो, केस एकमेकांवरून सरकू लागतात. म्हणजे सरळ केसवालीसाठी कंडिशनर ही चैन असेल, आपल्यासाठी मात्र ती डाळ-भाताइतकी गरजेची गोष्ट आहे.

माझा रविवारचा फंडा

आधी आजीचा उपाय. धुण्याच्या आदल्या रात्री केसांना थोडं खोबरेल. २००३ मध्ये मुंबईतल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल अशी तुलना होती. केसांतली प्रथिनं धुपून जाणं कमी केलं ते फक्त खोबरेलानं. (संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हेही सांगून टाकते!) पण तेल लावलं म्हणून कंडिशनरला सुट्टी नाही हं. दोघांची कामं वेगळी.

शॅम्पू फक्त डोक्याच्या त्वचेला, बोटांनी चोळून. केसांना खाली उतरणारा फेस पुरतो. मग कंडिशनर, शॅम्पूच्या दुप्पट-तिप्पट. कंजूषपणा इथे नाही चालत! मुळं सोडून कानापासून खाली टोकापर्यंत लावायचा. पाच मिनिटं थांबायचं आणि ह्याच वेळी, ओल्या, बुळबुळीत केसांतून गुंता सोडवायचा. आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या कंगव्यानं. टोकापासून सुरुवात करून वर वर जायचं. वरून खाली ओढलंत तर गाठ आणखी घट्ट!

मग पाणी. केस हाताला अजून जरासे गुळगुळीत लागतायत तोवरच थांबायचं. ओंजळीत केस घेऊन खालून वर हलकेच दाबायचं, की बटा आपोआप वळतात. खरखरीत टॉवेलनं खसाखसा पुसणं बंद. जुना कॉटनचा टी-शर्ट घ्या आणि पाणी टिपा. त्यानंतर केस वाळेपर्यंत हात खिशात! वाळल्यावर कंगवा नाही म्हणजे नाही.

पहिल्याच रविवारी चमत्कार झाला नाही. महिना-दीड महिना लागला. पावसाळ्यात केस अजूनही फुलतातच, कारण हवेतला ओलावा शोषल्यावर ते आकार बदलणारच. पण आता त्यांच्याशी भांडण नाही. त्या दिवशी एका नव्या ट्रेनी मुलीनं कॉफी मशीनपाशी हळूच विचारलं, "तुम्ही केसांना काय लावता हो?" तिचेही कुरळे, घट्ट क्लिपमध्ये कोंबलेले. मी आख्खं लेक्चरच दिलं!

खरी गंमत घरी झाली. आईचे केस माझ्यासारखेच, पण मी तिला कायम आंबाड्यातच पाहिलेलं. "मोकळे सोडले की भूत दिसते," हे तिचं ठरलेलं वाक्य. गेल्या रविवारी हट्टानं तिला मोरीत स्टुलावर बसवलं आणि तिच्या केसांना कंडिशनर लावला. गुंता सोडवताना ती दोनदा म्हणाली, "दुखत नाहीये गं!" वाळल्यावर आरशासमोर उभी राहिली, सवयीनं हातात आकडा घेतला आणि परत टेबलावर ठेवला.

संध्याकाळी तशीच, मोकळ्या केसांनी भाजी आणायला गेली. परत आली तेव्हा पिशवीत कोथिंबिरीच्या जुडीशेजारी कंडिशनरची बाटली होती. मोठी!