बुरसलेला तांदूळ आणि आपली काळी ज्वारी

खरिपाची ज्वारी पक्व होत असतां हस्ताचा पाऊस लागून राहिला म्हणजे कणसास बुरशी चढते, दाणा काळा पडतो आणि बाजारांत त्यास कोणी विचारीत नाहीं, हा जालना जिल्ह्यांतील जुना अनुभव आहे. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां पंचनाम्यांवर ‘दाणा काळा पडला’ हे शब्द आम्ही किती वेळां लिहिले, याची गणती नाहीं. म्हणूनच जपानांतील एक जुनी हकीकत वाचनांत येतांच आमचें लक्ष तिकडे वेधलें.

इ. स. ७१३ मध्यें तेथील सम्राज्ञीनें प्रांतोप्रांतींची माहिती लिहून पाठविण्याची आज्ञा केली. त्यानुसार झालेल्या हरिमा प्रांताच्या बाडांत असें नमूद आहे कीं, देवाचें अन्न भिजून त्यावर बुरशी आली, तेव्हां लोकांनीं त्याचेंच मद्य करून देवास वाहिलें. ‘साके’ या तांदुळाच्या मद्याच्या उगमाविषयीं हाच दाखला नेहमीं देण्यांत येतो.

यांतील मर्म असें. धान्यांत मुख्यत्वें पिष्ट असतें. त्याची साखर झाल्यावांचून मद्य होत नाहीं. युरोपांत हें काम मोड आणलेल्या जवाकडून घेतात, जपानांत बुरशीकडून. तांदूळ सडून, वाफवून, त्यावर निवडक जातीच्या बुरशीचें बीज पेरतात व उबदार खोलींत सुमारें दोन दिवस ठेवितात. यास ‘कोजी’ म्हणतात. मग कोजी, वाफविलेला तांदूळ व पाणी हीं आंबवणांत चार दिवसांत तीन हप्त्यांनीं घालतात. एकाच पिंपांत पिष्टाची साखर व साखरेचा मद्यार्क हीं दोन्ही कामें बरोबरच चालतात. त्यामुळें भट्टी न लावितांही मद्यार्काचें प्रमाण शेंकडा २० च्या आसपास जातें. या विद्येस सन २०२४ मध्यें युनेस्कोनें मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें.

मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतु नाहीं. शेतकरी बंधूंनीं पाहावयाचें तें पुढेंच आहे. आरंभ बुरसलेल्या अन्नापासून झाला, तरी आज साके करणारा नासका तांदूळ दारांत घेत नाहीं. उंची प्रकारांत तर दाण्याचा शेंकडा ४० ते ५० भाग सडून टाकितात; म्हणून दाणा मोठा व निर्दोष लागतो. पूर्वींचा हरिमा ज्यांत मोडतो त्या ह्योगो प्रांतांत ‘यामादा निशिकी’ हा वाण काढून सन १९३६ मध्यें त्यास हें नांव दिलें. तेथें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मद्य करणारे व गांवें यांच्यांत तांदुळाच्या खरेदीचे करार होत आले आहेत. जालना हें बियाण्यांचें गांव. चांगल्या वाणाचें मोल आपणांस सांगावयास नकोच.

आपल्याकडे काय झालें? सन २००७ मध्यें महाराष्ट्र सरकारनें धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांस अनुदान देण्याचें धोरण आखलें. काळ्या ज्वारीस गिऱ्हाईक मिळेल, हें त्याचें एक कारण सांगितलें गेलें. पुढें त्यावर मोठा वाद माजला. आमचें म्हणणें इतकेंच कीं, नासल्या मालावर ज्याचा धंदा चालतो, तो चांगल्या मालाचा भाव कशास देईल?

काळ्या दाण्यावरील बुरशी म्हणजे कोजी नव्हे, हेंही ध्यानांत ठेवावें. सन १९९५ मध्यें दख्खनच्या पठारावरील कांहीं खेड्यांत पावसानें बुरसलेली ज्वारी व मका खाण्यांत येऊन लोकांस पोटदुखी व हगवण लागली होती. असा दाणा घरीं खाऊं नये, गुरांसही घालूं नये.

तेव्हां उपाय दाणा काळा पडण्यापूर्वींच केला पाहिजे. बुरशीस दाद न देणारा वाण पेरावा. दाण्याच्या बुडाशीं काळा ठिपका दिसूं लागला म्हणजे दाणा भरला असें समजून, उघडीप मिळतांच कणसें खुडावीं व उन्हांत वाळवावीं. विक्रीचा करार करणें झाल्यास तो पेरणीपूर्वीं, लेखी आणि सर्व गांवानें मिळून करावा. पंचनाम्याचा कागद आम्ही पुष्कळ लिहिला. कराराचा कागद त्याहून बरा.