कागदीपुऱ्यातला कागद कुठे गेला?

कसबा पेठेत कागदीपुरा आहे, पण तिथे आता कागद होत नाही. तांबट आळीत अजून ठोके ऐकू येतात. कुंभारवाड्यात दिवाळी तोंडावर आली की पणत्या, बोळकी आणि किल्ल्यावरचे मावळे मांडलेले असतात. आकाशकंदिलाच्या कामट्या हव्या असतील तर बुरूड आळी गाठायची. घरी हस्तकला करून पाहणाऱ्या आणि पुढे तिचे वर्ग घेणाऱ्या माझ्यासारख्या बायकांचं निम्मं सामान याच परिसरातून येतं. कागद मात्र आम्ही दुकानातून आणतो. एवढ्या आळ्या कशाबशा टिकल्या, मग कागदीपुऱ्याचं नुसतं नावच का उरलं?

१८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये इथल्या कागदकामाची नोंद आहे. इथले कागदी, म्हणजे कागद करणारे मुसलमान, मूळचे जुन्नरकडचे. जुन्नरचा कागद पेशवाईत नावाजलेला होता. कच्चा माल म्हणजे जुनी गोणपाटं. ती फाडायची, चुन्यात भिजत घालायची, कुटायची, नदीवर नेऊन धुवायची आणि पुन्हा कुटायची. लगदा हौदात कालवला की त्यात चौकटीवरची बारीक चाळण बुडवून ताव उचलायचा. ओले ताव गुळगुळीत गिलाव्याच्या भिंतीला चिकटवून वाळवायचे. मग खळ लावायची आणि दगडाने घोटायचं. टाक-दौतीच्या काळात घोटाई म्हणजे केवळ सजावट नव्हती. खळ न लावलेल्या, न घोटलेल्या कागदावर शाई पसरते आणि बोरूची टोकं धाग्यांत अडकतात.

हे सगळं स्वयंपाकघरात करता येतं, आणि मुलांच्या सुट्टीतल्या वर्गात मी ते करवून घेते. जुन्या वह्यांचे कपटे रात्रभर भिजवायचे, भरपूर पाणी घालून मिक्सरमधून काढायचे आणि पसरट टबात ओतायचे. फोटोच्या रिकाम्या चौकटीवर जाळी ताणून बसवली की झाली चाळण. ती तिरकी बुडवायची, लगद्याखाली आडवी करायची आणि सरळ वर उचलायची. पाणी निथळत असताना चौकट एकदा पुढे-मागे आणि एकदा आडवी हलवायची, म्हणजे धागे एकमेकांत गुंततात. उचलताना हात थबकला तर ताव एका बाजूला जाड होतो. मग तो जुन्या सुती धोतरावर उलटा पाडायचा, पाणी दाबून काढायचं आणि न्हाणीघराच्या टाइलवर चिकटवायचा. वाळून सुटतो तेव्हा टाइलकडची बाजू आरशासारखी नितळ असते. कागद्यांना गिलाव्याची भिंत का लागत होती, हे तेव्हा मुलांना न सांगता समजतं. शेवटी भाताची पेज लावून शंखाने घोटायचं. पेज लावलेल्या आणि न लावलेल्या दोन तुकड्यांवर मी शाईचा एकेक थेंब टाकायला लावते. तेवढं पुरतं.

गिरणीच्या स्वस्त कागदापुढे हाताचा कागद हरला. तरीही हे कसब पुण्यातून पुसलं गेलं नाही, ते दुसऱ्या वाटेने गेलं. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि हातकागद हा त्याच्या कामातला एक महत्त्वाचा धंदा ठरला. पुण्याचे के. बी. जोशी यांनी कागद बनवण्याच्या रीतींचा अभ्यास करून त्यावर पुस्तक लिहिलं. १९४० साली शिवाजीनगरला हातकागद संस्था उभी राहिली. जे ज्ञान एका जमातीच्या घरात बापाकडून मुलाकडे जात होतं, ते शिकवण्याजोगं झालं. ही फार मोठी गोष्ट आहे, आणि जोशींबद्दल मला मनापासून आदर आहे. पण कागदीपुरा मात्र ओस पडत गेला, आणि ज्यांच्या हातात हे कसब पिढ्यानपिढ्या होतं त्यांची नावं आज कोणी घेत नाही.

बायकांच्या हस्तव्यवसायाचं उलट झालं. तो आधीपासून घराघरांत होता, पण त्याला धंद्याचा मान नव्हता. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केलं. तिथल्या शिवण-भरतकामाच्या वर्गांमागचा हेतू साधा होता : विधवेला, परित्यक्तेला चार पैसे मिळावेत. आज क्रोशे, क्विलिंग, मॅक्रमे शिकवणाऱ्या आम्ही बहुतेक जणी त्याच परंपरेतल्या. रुखवतापुरतं शिकलेलं काम शिकवून घरखर्चाला हातभार लावणाऱ्या बायका मी जवळून पाहिल्या आहेत. त्यांच्या वर्गांना 'टाइमपास' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

आता तांबट आळी. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांनी इथे हंडे, घंगाळी, बंब घडवले. त्यांचं खास काम म्हणजे मठारकाम. तापवून मऊ केलेला पत्रा मोगरीने आकाराला आणायचा आणि खरवई नावाच्या ऐरणीवर धरून हातोडीने ठोके द्यायचे. ठोक्याशेजारी ठोका, ओळीखाली ओळ, भांडं फिरत राहतं. ठोक्यांनी तांबं कठीण होतं, म्हणून पातळ पत्र्याचं भांडंही पोचे न पडता टिकतं. नक्षी आपोआप उमटते. हातोडीचं तोंड घासून लखलखीत ठेवावं लागतं, कारण त्यावर ओरखडा असला की प्रत्येक ठोक्याबरोबर तो भांड्यावर उतरतो. स्टील आणि गीझर आल्यावर बंब-घंगाळांची मागणी गेली. वारसा जपणाऱ्या इन्टॅक संस्थेच्या पुणे विभागाने आणि फोर्ब्स मार्शल कंपनीने पुढाकार घेतल्यावर आजच्या घरात शोभतील अशा वस्तू इथे घडू लागल्या आणि कारागिरांना नवं गिऱ्हाईक मिळालं.

तासाभराच्या वर्गात मठार येत नाही, आणि येतं असं सांगून कोणी फी घेऊ नये. पण तेवढ्या वेळात मनगट भरून येतं, ठोके ओळ सोडतात, आणि तयार तांब्याची किंमत ऐकून 'एवढे?' म्हणणारं तोंड बंद होतं. एवढं शिकवायलाही खरा माणूस कारागीरच. कार्यशाळेत त्याला कोपऱ्यात 'प्रात्यक्षिका'साठी बसवायचं आणि भाषण आपण करायचं, ही पद्धत मला पटत नाही. शिकवणारा तो, आपण त्याच्या शेजारी बसून विद्यार्थ्यांचे हात सावरायचे. फीमधला मोठा वाटा त्याचा, आणि पत्रकावर त्याचं नाव आपल्या नावाच्या वर. दिवसभराच्या कामाची मजुरी बुडवून तो येतो, तेव्हा मानधन ठरवताना हिशेब त्या मजुरीपासून सुरू व्हायला हवा. कुंभारवाड्यातल्या शाडूच्या कामालाही हेच लागू. गणपतीच्या दिवसांत कुंभाराला श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून त्याच्याकडचा वर्ग उन्हाळ्यातच घ्यावा.