संगणकाची शाकारणी

मृग नक्षत्र लागण्यापूर्वीं घर शाकारून घेण्याची चाल कोंकणांत जुनी आहे. कौलें उतरून झाडावयाचीं, फुटलेलीं बदलावयाचीं आणि मग निश्चिंतपणें पावसाची वाट पाहावयाची. ज्यानें हें काम वैशाखांत केलें नाहीं, त्याला आषाढांत घरभर भांडीं मांडावीं लागतात. आजकाल पुष्कळांच्या घरांत, दुकानांत व कचेऱ्यांत संगणक नांवाचें जें यंत्र येऊन बसलें आहे, त्यालाही अशीच शाकारणी लागते. परंतु तिची निकड छपराच्या शाकारणीहून निराळ्या जातीची आहे. कोणतें कौल फुटलें आहे हें पावसाला ठाऊक नसतें. तो सर्वत्र सारखाच पडतो. संगणकाच्या बाबतींत मात्र भोंक कोठें आहे तें शोधीत फिरणारीं माणसें असतात, आणि दुरुस्तीची बातमी प्रसिद्ध होतांच तीं माणसें नेमक्या जागीं येऊन पोंचतात.

सॉफ्टवेअर म्हणजे यंत्रानें काय करावें ह्याविषयींच्या लिखित आज्ञा. विंडोजसारख्या प्रणालींत अशा आज्ञांच्या कोट्यवधि ओळी असतात, आणि त्या हजारों माणसांनीं वर्षानुवर्षें लिहिलेल्या असतात. एवढ्या लेखनांत चुका राहणें अपरिहार्य आहे. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात. एखादें बटण चालत नाहीं, एखादें चित्र वांकडें दिसतें. परंतु थोड्या चुका अशा असतात कीं, त्यांतून परक्या माणसास आंत शिरतां येतें. त्या बुजविण्यासाठीं कंपनी आज्ञांचा जो तुकडा मागाहून पाठविते, त्याला इंग्रजींत पॅच, म्हणजे ठिगळ, असें नांव आहे. हें नांव केवळ अलंकारिक नव्हे. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत १९४४ सालीं आलेल्या मार्क वन ह्या यंत्राला कागदी पट्टीवर भोंकें पाडून आज्ञा देत असत. भोंक चुकीच्या जागीं पडलें कीं त्यावर कागदाचा तुकडा चिकटवावा लागे. अशा खरोखरीच्या ठिगळांच्या एका पट्टीचें छायाचित्र आजही पाहावयास मिळतें.

मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २००३ च्या आक्टोबरपासून प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं अशीं ठिगळें एकदम देण्याचा परिपाठ घातला आहे. तिकडे सकाळ असते, भारतांत तेव्हां मंगळवारची रात्र झालेली असते. ठिगळाबरोबर कोणता दोष काढून टाकला ह्याचें टिपणही प्रसिद्ध होतें. प्रामाणिक व्यवहाराला तें आवश्यकच आहे. परंतु जुन्या आज्ञा व नव्या आज्ञा शेजारीं शेजारीं ठेवून काय बदललें तें न्याहाळलें, म्हणजे ह्या विद्येंत मुरलेल्या माणसाला भोंकाचा पत्ता लागतो. म्हणूनच त्या धंद्यांतील लोक ठिगळांच्या मंगळवारानंतर येणाऱ्या दिवसाला थट्टेनें 'हल्ल्याचा बुधवार' अशा अर्थाचें नांव देतात. दोष कोणालाच ठाऊक नसतो तोंवर तो बराचसा निद्रिस्त असतो. ठिगळ बसलें कीं तो मेला. ठिगळ जाहीर झालें आहे परंतु बसविलेलें नाहीं, हा मधला अवधि खरा घाताचा.

१४ मार्च २०१७ हा असाच दुसरा मंगळवार होता. त्या दिवशीं निघालेल्या ठिगळांपैकीं एक विंडोजच्या त्या भागासाठीं होतें, ज्याच्या योगानें एका जाळ्यांतील संगणक परस्परांच्या फायली व छपाईचीं यंत्रें वापरूं शकतात. दुसऱ्या संगणकाकडून आलेला निरोप ठेवण्यासाठीं जागा मोजतांना ह्या भागांत एक माप लावलें जाई, आणि निरोप भरतांना दुसरें. पायलीभर धान्य अधोलींत ओतलें म्हणजे तें जसें बाहेर सांडतें, तसा निरोपाचा उरलेला भाग शेजारच्या जागेंत सांडे. काय सांडावयाचें हें जर कोणी चतुराईनें ठरविलें, तर त्या सांडलेल्या अक्षरांनाच यंत्र आपल्या धन्याच्या आज्ञा समजून पाळूं लागे. मालकानें कोणतेंही पत्र उघडावयास नको, कीं कोणतेंही बटण दाबावयास नको. यंत्र चालू असणें आणि जाळ्याला जोडलेलें असणें एवढें पुरे.

हा दोष अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला आधींपासून माहीत होता व तिनें त्याचें एक हत्यार बनवून आपल्यापाशीं ठेविलें होतें, असें सर्वत्र मानलें जातें. तें हत्यार चोरीस गेलें, आणि 'शॅडो ब्रोकर्स' असें नांव घेतलेल्या टोळीनें १४ एप्रिल २०१७ रोजीं तें जगजाहीर केलें. सरकारी संस्थेनें अशी चोरकिल्ली गुपचूप बाळगावी कीं काय, हा वाद मोठा आहे व तो अद्याप मिटलेला नाहीं. परंतु ती किल्ली रस्त्यावर येऊन पडली त्या दिवशीं नवें कुलूप विनामूल्य मिळूं लागल्याला एक महिना होऊन गेला होता.

त्यानंतर चार आठवड्यांनीं, शुक्रवार १२ मे रोजीं, म्हणजे ठिगळ निघाल्यास ५९ दिवस झाले असतां, वॉनाक्राय नांवाचा उपद्रव सुरू झाला. ज्या यंत्रांत तो शिरे त्यांतील सर्व फायली तो सांकेतिक लिपींत बदलून टाकी, आणि त्या परत हव्या असल्यास बिटकॉइनच्या रूपानें ३०० डॉलर मागे. तीन दिवस गेले कीं ही रक्कम दुप्पट होई. त्या यंत्रावरून तो आपण होऊन पुढचें यंत्र शोधी. थोड्याच दिवसांत सुमारें १५० देशांतील दोन लाखांवर संगणकांना त्याची लागण झाली.

इंग्लंडांत ह्याचा फटका रुग्णांना बसला. तेथील सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ न्यासांपैकीं किमान ८० न्यासांचें काम विस्कळीत झालें. पैकीं ३४ ठिकाणीं यंत्रांना प्रत्यक्ष लागण झाली होती. उरलेल्या ४६ ठिकाणीं ती नव्हती, तरीही भीतीनें यंत्रें बंद करावीं लागल्यामुळें व इतरांशीं दळणवळण तुटल्यामुळें काम अडलें. शिवाय ५९५ लहान दवाखान्यांतील संगणकांना लागण झाली. रद्द झालेल्या ६,९१२ भेटींची नोंद मिळाली. एकंदर आंकडा १९,००० च्या वर असावा असा अंदाज करण्यांत आला. त्यांत कर्करोगाच्या संशयावरून तांतडीनें बोलाविलेले १३९ रुग्ण होते. पांच भागांत अपघातग्रस्तांना नेहमींच्या इस्पितळाऐवजीं दूरच्या इस्पितळांत न्यावें लागलें. एखाद्या माणसाच्या छातींत गांठ सांपडावी, त्याला शुक्रवारची वेळ मिळावी, आणि दारांत गेल्यावर 'आज यंत्रें बंद आहेत' असें उत्तर मिळावें! त्या एका शुक्रवारची किंमत कोणत्याही हिशेबांत धरतां येत नाहीं.

नंतर तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानें चौकशी केली. आरोग्यसेवेच्या मध्यवर्ती संगणक खात्यानें १७ मार्च व २८ एप्रिल अशा दोन वेळां ठिगळ बसविण्याविषयीं सूचना धाडल्या होत्या, हें तींत उघड झालें. सारा दोष विंडोज एक्सपी ह्या अगदीं जुन्या प्रणालीचा, अशी तेव्हां पुष्कळांची समजूत झाली; परंतु लागण झालेलीं बहुसंख्य यंत्रें विंडोज ७ चीं, म्हणजे ज्यांना ठिगळ रीतसर मिळत होतें अशींच, निघालीं.

हा निव्वळ आळस होता, असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. इस्पितळांतील चुंबकीय चित्रणाच्या यंत्राच्या पोटांत एक संगणक असतो; त्याला हात लावण्याचा अधिकार बहुधा तें यंत्र बनविणाऱ्याला असतो, इस्पितळाला नसतो. ठिगळामुळें मापांत फरक पडला तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उरतोच. रात्रंदिन चालणाऱ्या कामांत दहा मिनिटें यंत्र बंद ठेवावयाचें तरी कोणाची तरी परवानगी लागते, आणि ती देणाऱ्याला त्या दहा मिनिटांचा तोटा डोळ्यांपुढें दिसतो, न घडलेली आपत्ति दिसत नाहीं. घरच्या संगणकापुढें बसून 'नंतर आठवण करा' हें बटण दाबणाऱ्याला ह्यांपैकीं एकही सबब नाहीं.

त्याच शुक्रवारीं मार्कस हचिन्स ह्या बावीस वर्षांच्या इंग्रज तरुणाला आढळलें कीं, वॉनाक्राय प्रत्येक यंत्रांत शिरल्यावर प्रथम इंटरनेटवरील एका विचित्र नांवाच्या पत्त्याची चौकशी करतो. तो पत्ता कोणाच्या मालकीचा नव्हता. त्यानें सुमारें दहा डॉलर भरून तो आपल्या नांवें नोंदविला, आणि पत्त्याकडून उत्तर येऊं लागतांच उपद्रवाचा वेग थंडावला. हें निव्वळ दैव होतें. अशी कळ पुढील संकटांत सांपडली नाहीं.

तें पुढील संकट २७ जून २०१७ रोजीं युक्रेनमध्यें उद्भवलें आणि त्याचा धक्का महाराष्ट्राच्या किनाऱ्यालाही बसला. नॉटपेट्या ह्या नांवानें तें ओळखलें जातें. युक्रेनमध्यें करांचे हिशेब ठेवण्यासाठीं एम. ई. डॉक नांवाचें सॉफ्टवेअर पुष्कळ व्यापारी वापरीत. हल्लेखोरांनीं त्या कंपनीच्या कोठारांत शिरून तिच्या ठिगळांतच विष कालविलें. एकदां आंत गेल्यावर तें वॉनाक्रायच्याच भोंकांतून पसरे, आणि जेथें तें भोंक बुजलेलें असे तेथें शेजारच्या यंत्रांतून चोरलेले पासवर्ड वापरी. म्हणजे शंभरांपैकीं नव्व्याण्णव संगणक शाकारलेले असले तरी उरलेला एक त्यांच्या किल्ल्या देऊन टाकी. डेन्मार्कच्या मर्स्क ह्या जहाज कंपनीचीं जगभरचीं कामें त्यामुळें बंद पडलीं. उरण तालुक्यांतील न्हावा शेवा बंदरांत तिच्याच समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या गेटवे टर्मिनल्स इंडिया ह्या धक्क्यावरचे संगणक थांबले. कोणती पेटी कोठें ठेवावयाची हें हातानें लिहून काम चालवावें लागलें. मर्स्कला दहा दिवसांत ४,००० मोठे व ४५,००० टेबलावरचे संगणक पुन्हा नव्यानें सिद्ध करावे लागले. साऱ्या जाळ्याची वही जपून ठेवणारा तिचा एकच संगणक शाबूत राहिला होता. तो घाना देशांत होता, आणि तेथें नेमकी वीज गेलेली होती!

ठिगळांतूनच विष येत असेल तर तें घ्यावें कशाला, असा प्रश्न येथें कोणीही विचारील, आणि तो गैर नाहीं. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक ह्या संरक्षणाच्याच धंद्यांतील कंपनीनें पाठविलेल्या एका सदोष तुकड्यानें विंडोजचे सुमारें ८५ लाख संगणक एकदम लुळे पाडले; भारतांतील विमानतळांवर त्या दिवशीं प्रवाशांना हातानें लिहिलेले पास द्यावे लागले. तेथें चोर कोणी नव्हता, नुसती गफलत होती. ह्यावर मोठ्या संस्थांनीं काढलेली तोड शहाणपणाची आहे. ठिगळ आधीं मोजक्या यंत्रांवर लावावयाचें, दोनचार दिवस पाहावयाचें आणि मग सर्वत्र लावावयाचें. तोलून पाहिलें तर बिघडलेलें ठिगळ हा क्वचित घडणारा प्रसंग आहे आणि तो घडला कीं साऱ्या जगाला लगेच कळतो. न लावलेल्या ठिगळांतून होणारी चोरी नित्याची आहे व ती बहुधा कळतही नाहीं. थांबणें चार दिवसांचें असावें, ५९ दिवसांचें नव्हे.

घरच्या यंत्राला एवढाही विचार नको. ठिगळें आपोआप बसण्याची सोय चालू ठेवावी आणि यंत्र मागेल तेव्हां तें एकवार बंद करून पुन्हा चालू करूं द्यावें, कारण पुष्कळशीं ठिगळें त्याखेरीज लागतच नाहींत. इंटरनेटवर कांहीं वाचीत असतां एकाएकीं पडद्यावर 'आपला संगणक धोक्यांत आहे, येथें दाबा' असा फलक आला, तर तें ठिगळ नव्हे, तो चोरच आहे. खरें ठिगळ यंत्राच्या स्वतःच्या सेटिंगमधून येतें. भिंतीवर टांगलेल्या वायफायच्या पेटींतही एक संगणक असतो, आणि तिला तर वर्षानुवर्षें कोणी विचारीत नाहीं.

प्रत्येक यंत्राच्या शाकारणीला शेवटही असतो. विंडोज १० ची नेहमींची विनामूल्य ठिगळें १४ आक्टोबर २०२५ रोजीं बंद झालीं; त्यापुढें थोड्या मुदतीची वाढीव सोय ज्यांनीं घेतली नाहीं, त्यांचीं यंत्रें पूर्वींसारखींच चालतात, पण त्यांचीं नवीं भोंकें कोणी बुजवीत नाहीं. भ्रमणध्वनीचेंही तसेंच आहे. अँड्रॉइडच्या फोनमध्यें सेटिंगमध्यें जाऊन पाहिलें असतां सुरक्षेचें शेवटचें ठिगळ कोणत्या तारखेचें आहे तें लिहिलेलें आढळतें. ती तारीख दोन वर्षांपूर्वींची असेल आणि नवें कांहीं उपलब्ध नाहीं असें उत्तर येत असेल, तर त्या फोनवरून बँकेचे व्यवहार करूं नयेत. इंटरनेटपासून तोडून तो गाणीं ऐकण्यापुरता ठेवावयास हरकत नाहीं.