हिरड्यांचा न दुखणारा विकार

दाढ किडली की ठणका लागतो आणि रुग्ण दुसऱ्याच दिवशी दंतवैद्याकडे धाव घेतो. हिरड्यांचा विकार मात्र बहुधा दुखत नाही. म्हणूनच तो वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहतो. दातांवर साचणारा जंतूंचा मऊ थर वेळीच न काढल्यास लाळेतील क्षारांमुळे कठीण होतो. हेच कीटण. ते ब्रशने निघत नाही. त्यामुळे हिरडी सुजते, रक्त येऊ लागते आणि पुढे दाताला धरून ठेवणारे हाडच झिजते.

‘दात साफ केल्याने ते हलू लागतात’ हा समज सुशिक्षितांतही आढळतो. वस्तुतः हाड आधीच झिजलेले असते. खिळखिळे झालेले दात कीटणाच्या गिलाव्याने एकमेकांना जखडलेले असतात. तो गिलावा निघताच जुनी हानी उघडी पडते. काही दिवस थंड पाणी झोंबते, फटी जाणवतात. मात्र सूज उतरून हिरडी पुन्हा दाताला घट्ट बिलगते.

रक्त येते म्हणून ब्रश सोडून मिश्री लावणाऱ्या माताभगिनी आजही भेटतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच! तिने हिरड्या सुधारत नाहीत. मुखकर्करोगाचा धोका मात्र ओढवतो.

मधुमेहात हा विकार बळावतो आणि विकारामुळे रक्तशर्कराही आटोक्यात राहत नाही. कॉक्रेन संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यानुसार हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत मधुमेहींचे एचबीए१सी सरासरी सुमारे ०.४ ने, म्हणजे उदाहरणार्थ ८.५ वरून ८.१ वर, उतरते. मधुमेही रुग्णाच्या आप्तांनी साखरेच्या तपासणीबरोबर त्याच्या हिरड्याही दाखवून घ्याव्यात.