टीव्हीच्या पडद्यावरचा संगणक

१९८०च्या दशकात सौदी अरेबियातल्या घरांत जे संगणक पोहोचले, त्यांतल्या बहुतेकांना स्वतःचा पडदा नव्हता. त्यांत शेजारच्या कुवेतमधील अल आलमिया कंपनीचे ‘सख्र’ विशेष ओळखीचे. १९८३मध्ये जाहीर झालेल्या एमएसएक्स पद्धतीच्या यंत्रांना या कंपनीने अरबी कळफलक आणि बेसिक या संगणकभाषेच्या अरबी रूपाची जोड दिली. यंत्र म्हणजे जाडसर कळफलकच. त्याची तार दिवाणखान्यातल्या टीव्हीच्या मागे जायची.

अँटेनाच्या जोडणीतून टीव्हीला फक्त वाहिनी कळते. म्हणून संगणकाचे चित्र आधी वाहिनीच्या लहरीवर चढवावे लागे आणि टीव्ही ते पुन्हा उतरवून घेई. या खटाटोपात रेषांच्या कडा पुसट होत. रंगांचा घोळ वेगळाच. सौदीने रंगीत प्रक्षेपणासाठी फ्रेंच सेकाम पद्धत घेतली होती. फक्त तीच जाणणाऱ्या संचाला पाल या दुसऱ्या रंगीत पद्धतीचा संकेत दिला, तर चित्र कृष्णधवल दिसे.

खरी कसोटी होती अक्षरांची. पहिल्या पिढीच्या एमएसएक्सचा पडदा २५६ × १९२ ठिपक्यांचा आणि अक्षराची चौकट जेमतेम आठ ठिपके उंच. अरबीत बा, ता आणि सा यांचा मूळ आकार एकच. नुक्ता खाली एक, वर दोन की वर तीन, यावरून अक्षर ओळखायचे. शिवाय शब्दातल्या जागेप्रमाणे अक्षराचे रूप बदलते. अशा चौकटीत ही लिपी वाचनीय ठेवणाऱ्यांचे कसब फार मोठे. टीव्ही घडला चालत्या चित्रांसाठी. तिथे कडा थोड्या मऊ झाल्या तरी डोळा चालवून घेतो, मजकुरात मात्र एक नुक्ता पसरला की शब्दच बदलतो.

डिसेंबर २००२मध्ये एचडीएमआयची पहिली आवृत्ती आली. चित्र आणि आवाज एकाच केबलमधून, अंकीय स्वरूपात जाऊ लागले. केबल लावताच टीव्ही आपले रिझोल्यूशन संगणकाला कळवतो. विंडोजमध्ये विंडोजची कळ आणि ‘पी’ एकत्र दाबून तेच चित्र दोन्हीकडे दाखवायचे की टीव्ही वेगळा पडदा म्हणून वापरायचा, ते ठरवता येते. आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला, तर ध्वनीच्या सेटिंगमध्ये टीव्ही निवडावा.

तरीही अक्षरे फुटकी दिसतात, आणि दोष बहुधा टीव्हीच्या सवयींचा असतो. जुन्या काचेच्या संचांप्रमाणे आजचे काही टीव्हीही चित्र थोडे फुगवून कडा कापतात. मग खालची पट्टी अर्धी गायब होते. ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ हा पर्याय त्यावर उपाय. काही संच रंगांची माहिती कमी करून घेतात, त्यामुळे निळ्यावरची लाल अक्षरे विस्कटतात. त्या जोडणीला ‘पीसी’ असे नाव दिले की बऱ्याच टीव्हींवर हे थांबते. शार्पनेस वाढवू नये, उलट कमी करावा. वाढवला की अक्षरांभोवती पांढरी किनार उमटते. फोर-के चित्र सेकंदाला साठ वेळा पूर्ण रंगांसह हवे असेल, तर संगणक, केबल आणि टीव्ही तिन्ही किमान एचडीएमआय २.०च्या क्षमतेचे लागतात.

२०२०मध्ये कोविडमुळे सौदी शिक्षण मंत्रालयाने ‘मदरसती’ हा मंच सुरू केला आणि वर्ग घरात आले. लॅपटॉपच्या छोट्या पडद्यापेक्षा टीव्हीवर फळा सुखाने वाचता येतो, पण मूल लांबून बघते हे विसरू नये. मजकुराचा आकार दीडशे किंवा दोनशे टक्के ठेवावा. रियाध किंवा जुबैलच्या मराठी घरात देवनागरी वाचतानाही तेच लागू: अनुस्वार आणि रफार नुक्त्याइतकेच नाजूक असतात.