चिखलाने जपलेला वाडा

मुलांनो, एखादा जुना वाडा पडला की मागे काय उरते? दगड लोक उचलून नेतात, लाकूड वाळवी खाते आणि काही वर्षांनी जोतेही दिसेनासे होते. मग १६६६ साली जळून गेलेल्या वाड्याची माहिती आज कशी बरे मिळावी? लंडनमधील बेनर्ड्‌स कॅसलची हकिकत या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे.

कॅसल म्हणजे किल्ला. पण हा खराखुरा किल्ला नव्हता. जवळच पूर्वी या नावाचा एक किल्ला होता. जॉन राजाने तो १२१३ साली पाडला. पुढे चौदाव्या शतकात थेम्स नदीच्या काठी एक सरदारी वाडा उभा राहिला, त्याला हे जुने नाव मिळाले. मध्ये चौक, भोवती इमारती, नदीकडे उंच भिंत आणि तिच्या कोपऱ्यांवर बहुकोनी बुरूज, असा त्याचा थाट होता. १४२८ साली तो जळाला, पण पुन्हा बांधला गेला. १४८३ साली तिसऱ्या रिचर्डला इंग्लंडचा राजमुकुट याच वाड्यात देऊ करण्यात आला. अखेर सप्टेंबर १६६६ मधील लंडनच्या भीषण आगीत तो भस्मसात झाला. नंतर त्या जागेवर दुसऱ्या इमारती उठल्या.

१९७० नंतर तेथे नवे बांधकाम व्हायचे होते. यंत्रे पायापर्यंत पोचली की सारेच नष्ट होणार! म्हणून पुरातत्त्वज्ञांनी त्याआधीच घाईने उत्खनन केले. वाड्याच्या नदीकाठच्या भिंतीचा पाया त्यांना सापडला. शेजारच्या जुन्या धक्क्यात चौदाव्या शतकातील लोकांनी टाकलेला केरकचरा होता. त्यात लोकरीचे कापड आणि कातडी जोडे निघाले. काही जोड्यांची टोके लांब व निमुळती होती. ती ताठ राहावीत म्हणून आत शेवाळ कोंबलेले होते. ते शेवाळही टिकले होते!

आता तुम्ही विचाराल, सहाशे वर्षांत हे कुजले कसे नाही? कुजणे म्हणजे बुरशी आणि जिवाणू यांनी पदार्थ खाणे. हे काम झपाट्याने व्हायला हवेतील प्राणवायू लागतो. पाण्याने भरलेल्या घट्ट चिखलात प्राणवायू जवळजवळ पोचतच नाही. त्यामुळे तेथे कुजण्याची क्रिया अत्यंत मंद होते.

नदीकाठी रोवलेले ओकचे खांबही असेच टिकतात. झाडाच्या खोडात दरवर्षी एक कडे वाढते. अनुकूल वर्षी ते रुंद होते, प्रतिकूल वर्षी अरुंद. रुंद-अरुंद कड्यांचा हा क्रम काळ ठाऊक असलेल्या लाकडांशी ताडून पाहिला, तर खांबाचे झाड केव्हा तोडले ते काढता येते. साल शिल्लक असेल, तर अचूक वर्षही सांगता येते.

एक प्रयोग करून पाहा. सुती कापडाचे दोन सारखे तुकडे घ्या. एक कुंडीतील भुसभुशीत, ओलसर मातीत पुरा. दुसरा बरणीच्या तळाशी चिखलात दाबा आणि वर पाणी भरून झाकण लावा. दोन महिन्यांनी दोन्ही बाहेर काढा व हात स्वच्छ धुवा. कोणता तुकडा अधिक जीर्ण झाला आहे, ते वहीत टिपून ठेवा.

आणि एक लक्षात असू द्या. असा चिखल एकदा उपसून कोरडा पडला, की शतकानुशतके टिकलेले लाकूड सुकून तडकू लागते. म्हणून जुन्या नदीकाठी पाया खणताना आधी नीट पाहायचे असते. तेथे दुसरी संधी मिळत नाही.