मुलांची फुरसत

मस्कत शहराच्या रुवी भागाजवळ, उघड्याबोडक्या डोंगरांच्या मधोमध वादी अदाई ही वस्ती आहे. मराठीत वाडी म्हणजे घरांचा लहानसा समूह. अरबीत वादी म्हणजे पावसाखेरीज कोरडा राहणारा ओढ्याचा मार्ग. दगडगोट्यांची ती रिकामी जमीन नवख्यास वाया गेलेली वाटते. परंतु २००७ च्या जून महिन्यात गोनू चक्रीवादळ आले, मस्कतच्या वाद्या दुथडी भरून वाहिल्या, आणि पाण्याची वाट मोकळी का ठेवावयाची हे सर्वांस उमगले. मुलाच्या दिवसातील रिकाम्या वेळाचेही असेच आहे.

मस्कतमधील एखाद्या मराठी घरातील मुलाचा दिनक्रम पाहावा. सकाळी लवकर शाळेची बस, दुपारी घाईचे जेवण, लगेच शिकवणी, संध्याकाळी तबला किंवा पोहणे, रात्री गृहपाठ. शुक्रवार-शनिवारची सुटीही स्पर्धांच्या तयारीत सरते. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. वाड्याचे अंगण नाही, आजी-आजोबा दूर. अशा वेळी आईबाप वर्गांचा आश्रय घेतात, यात नवल नाही. परमुलखातील नोकरी कराराची. मुलाचे शिक्षण हीच त्यांना आपली खरी शिल्लक वाटते.

करार हा शब्द मॉरिशसच्या मराठी कुटुंबांस निराळ्या अर्थाने ठाऊक आहे. त्या काळच्या करारबद्ध मजुरीशी आजच्या नोकरीची तुलना होणार नाही. उसाच्या मळ्यात एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. मजुराचा वेळ त्याचा स्वतःचा नव्हताच. त्याही स्थितीत पूर्वजांनी संध्याकाळच्या बैठकांतून मुलांना अक्षरे शिकविली. विद्येचा हा वारसा वंशजांनी निष्ठेने जपला. पण मळ्याच्या घंटेपासून सुटलेला वेळ हाही त्याच कष्टांचा वारसा आहे, याचा मात्र विसर पडू लागला आहे.

हा केवळ भावनेचा प्रश्न नव्हे. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी संमत केलेल्या बालहक्क करारनाम्याच्या ३१ व्या कलमाने विश्रांती, फुरसत व खेळ हा प्रत्येक मुलाचा हक्क मानला. मॉरिशसने १९९० मध्ये, भारताने १९९२ मध्ये आणि ओमानने १९९६ मध्ये तो स्वीकारला. महाराष्ट्रात ताराबाई मोडकांनी हे तत्त्व त्याही आधी आचरणात आणले होते. १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. पुढे गुरे चारणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी शाळाच कुरणावर नेली. मुलाचे जीवन शाळेच्या साच्यात कोंबू नये, हा त्यातील बोध.

रिकामे मूल प्रथम कंटाळते, आईच्या मागे भुणभुण करते. मग तेच मूल काड्यांची बैलगाडी करते, भावंडांशी भांडते आणि आपणच समेटही करते. कल्पना, धीर व मैत्री यांचे शिक्षण असेच होते, आणि ते कोणत्याही शिकवणीत मिळत नाही.

उपाय मोठा नाही. एक वर्ग कमी करावा. मस्कतच्या हिवाळ्यात संध्याकाळी मुलांना लगोरी, लपंडाव खेळू द्यावे. उन्हाळ्यात घरातच सागरगोटे किंवा नुसते लोळणे चालावे. जून-जुलैच्या सुटीत मूल गावी गेले, तर तेथे तरी वेळापत्रक बरोबर नेऊ नये. मॉरिशस असो वा मस्कत, मूल घरी आल्यावर “आज काय शिकलास?” एवढेच न विचारता कधी “आज काय खेळलास?” असेही विचारावे. त्या प्रश्नास मुलाजवळ उत्तर नसेल, तर विचार करण्याची वेळ आईबापांची आहे.